काट्याच्या तोंडी घातलेल्या गोष्टी : घरच्या केगरेटरमधली गॅसची टाकी

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात एक जुना फ्रिज हमखास दिसतो. त्याच्या दारातून बिअरचा नळ बाहेर काढलेला असतो, आत स्टीलचे एक-दोन केग असतात आणि कोपऱ्यात ॲल्युमिनियमची पाच पौंडी टाकी उभी असते, तिच्यावर दोन तबकड्यांचा रेग्युलेटर. बाटल्या धुवा, भरा, बुचं लावा, ही सगळी कटकट वाचावी म्हणून माणसं स्वतःच्या हातानं हा केगरेटर जोडतात.

तिथे हा छंद उघडपणे करता येतो, कारण ऑक्टोबर १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यासाठीच्या कायद्यावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन, आणि विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे मागून बदलत गेले. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३मध्ये तयार झाली. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींतही या छंदाचे चाहते आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, हे इथल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढचं सगळं अमेरिकेतल्या गॅरेजपुरतं आहे.

फ्रिज मिळतो, केग मिळतो, नळ बसवता येतो. माणूस अडतो तो गॅसपाशी. टाकी कुठे ठेवायची, रेग्युलेटर किती आवळायचा, काटा कुठे असला पाहिजे, फेस का येतो, यावर प्रत्येकाचं आपलं एक मत असतं आणि त्यातली बरीच मतं चुकीची असतात. माझ्या मते बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच आहे: काटा जे सांगत नाही, ते आपण त्याच्या तोंडी घालतो.

गैरसमज : गॅसची टाकी घरात म्हणजे आगीची भीती.

आपल्याकडे टाकी म्हटलं की डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर येतो, म्हणून ही भीती मराठी घरात पहिली निघते. पण केगरेटरच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड असतो. तो जळत नाही, उलट आग विझवायला वापरतात. इथला धोका निराळा आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. पहिला दाबाचा: २१ अंश सेल्सियसला भरलेल्या टाकीतला दाब साडेआठशे पीएसआयच्या आसपास असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण पंचवीस पट. दुसरा गुदमरण्याचा; त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो, कारण तोच खरा आहे आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

दाबासाठी टाकीच्या व्हॉल्व्हवर एक सुरक्षा चकती बसवलेली असते. टाकी तापून आतला दाब फार वाढला की ती फुटते आणि गॅस बाहेर पडतो, टाकी मात्र फुटत नाही. ही सोय चांगली आहे, पण ती बंद मोटारीत कामाला येण्याची वेळ आणू नका. टाकी भरून आणताना ती उभी बांधा, काचा खाली ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीत टाकी सोडून दुकानात जाऊ नका. ३१ अंशांच्या वर टाकीतल्या गॅसला द्रवरूपात राहताच येत नाही आणि दाब झपाट्यानं चढतो.

टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे विकत घेतानाच वाचावेत. त्यात शेवटच्या दाब-चाचणीचा महिना आणि वर्ष असतं. या टाक्यांची चाचणी दर पाच वर्षांनी व्हावी लागते. तारीख उलटून गेली असेल तर भरणारा दुकानदार टाकी हातात घेत नाही. स्वस्तात मिळालेली जुनी टाकी पुष्कळदा याच कारणानं स्वस्त असते.

गैरसमज : मोठ्या दाबाचा काटा म्हणजे गॅस किती उरला त्याचं माप.

पेट्रोलचा काटा वाचायची सवय असल्यामुळे हे होतं. टाकीत कार्बन डायऑक्साइड द्रव आणि वायू अशा दोन्ही रूपांत असतो. वायू वापरला की द्रवातला थोडा भाग उकळून त्याची जागा घेतो आणि दाब होता तिथेच येतो. म्हणजे टाकी गळ्यापर्यंत भरलेली असो की तळाशी चार बोटं द्रव उरलेला असो, तापमान तेच असेल तर काटा तोच आकडा दाखवतो. द्रव पूर्ण संपला की काटा खाली येऊ लागतो, आणि तोवर टाकी बदलायची वेळ होऊन गेलेली असते.

याच गैरसमजाचं दुसरं रूप जास्त त्रास देतं. नवी टाकी खोलीत जोडली, काटा साडेआठशेच्या जवळ. टाकी फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी पाहिलं तर काटा साडेपाचशेच्याही खाली. माणूस घाबरतो, गळती समजून सगळे सांधे उघडतो आणि चांगले बसलेले सांधे बिघडवून ठेवतो. प्रत्यक्षात एक ग्रॅमही गॅस गेलेला नसतो. तीन अंशांना कार्बन डायऑक्साइडचा दाबच तेवढा असतो. केगला लागतो बारा पीएसआयच्या आसपास दाब, त्यामुळे थंड टाकी गॅस कमी देते ही समजूतही फोल आहे. दाबापुरतं पाहिलं तर टाकी आत ठेवावी की बाहेर, हा प्रश्न फक्त जागेचा आहे.

किती गॅस उरला हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच: वजन. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन ठोकलेलं असतं. टाकी वजनकाट्यावर ठेवा, ते वजा करा, उरलेला गॅस. महागड्या दुसऱ्या तबकडीवर पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे एका साध्या वजनकाट्यावर आणि रेग्युलेटरच्या तोंडाशी बसणाऱ्या एकदिशा व्हॉल्व्हवर घाला, असं माझं ठाम मत आहे. हा व्हॉल्व्ह केगमधली बिअर उलटी रेग्युलेटरमध्ये शिरू देत नाही. बिअर एकदा आत गेली की रेग्युलेटर चिकट होतो आणि मग त्याच्या कोणत्याच काट्यावर भरवसा ठेवता येत नाही.

गैरसमज : नळातून फेस फार येतो म्हणजे दाब जास्त आहे, कमी करा.

सगळ्यात जास्त बिअर याच समजुतीपायी मोरीत गेली असेल. तर्क सरळ वाटतो: दाब जास्त, म्हणून जोर जास्त, म्हणून फेस. माणूस बाराचा दाब पाचावर आणतो. पहिला ग्लास बरा येतो. दुसऱ्या दिवशी फेस पुन्हा येतो, आणि आठवड्याभरात बिअर सपक होते. मग तो म्हणतो, रेग्युलेटरच खराब आहे.

इथे थोडं थांबून आत काय चाललंय ते पाहू. मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३मध्ये मांडलेला नियम सांगतो की ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर ठरतं. बिअर ३.३ अंशांना आणि दाब १२ पीएसआयवर ठेवला, तर काही दिवसांनी दर लिटर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर गॅस विरघळलेला असतो. बहुतेक अमेरिकी एल आणि लागरना हेच प्रमाण मानवतं. आता दाब पाचावर आणला की त्या बिअरला तेवढा गॅस धरून ठेवता येत नाही. जास्तीचा गॅस केगमध्ये आणि नळीत बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडू लागतो. पारदर्शक नळी डोळ्यांजवळ धरून पाहा: बिअरच्या मध्येमध्ये वायूचे तुकडे थांबलेले दिसतात, आणि नळ उघडला की पहिल्यांदा तेच फुर्र करून बाहेर येतात. म्हणजे दाब कमी केल्यानं फेस वाढला. पुढे बिअरमधला गॅस दोन लिटरच्या आसपास येऊन स्थिरावला की फेस थांबतो, पण तोवर बिअरही बसलेली असते.

मग फेस आवरायचा कसा? नळीनं. केगपासून नळापर्यंतची नळी दाब खाते. घरी वापरतात त्या ३/१६ इंची आतल्या व्यासाच्या प्लॅस्टिक नळीत दर फुटाला थोडाथोडा दाब खर्च होतो. बारा पीएसआयसाठी आठ ते दहा फूट नळी लागते. फ्रिजच्या दारातल्या नळाला केग दीड फुटावर असतो, म्हणून माणूस नळीही दीड फुटाची कापतो, आणि सगळा दाब नळाच्या तोंडाशी एकदम मोकळा होतो. जोडसंच विकणारे पुष्कळदा पाच फूट नळी देतात. तीही अनेकदा कमी पडते. दहा फूट घ्या, केगवर वेटोळं करून ठेवा. बिअर फार सावकाश आली तर दर खेपेला थोडी कापा. लांब नळी कापता येते, आखूड नळी वाढवता येत नाही.

तरीही फक्त पहिला ग्लास फेसाळ आणि पुढचे ठीक, असं होत असेल, तर दोष दाबाचाही नाही आणि नळीचाही नाही. नळ किंवा नळाचा उभा खांब गरम आहे. फ्रिजच्या डोक्यावर खांब बसवलेल्या केगरेटरमध्ये हे फार होतं, कारण खांबातली नळी खोलीच्या तापमानाला येते आणि त्या दोन-चार घोटांतला गॅस निसटतो. फ्रिजमधली थंड हवा खांबात वर सोडणारा छोटा पंखा बसवला की काम होतं. दाबाला हात लावायचं कारण नाही.

गैरसमज : स्क्रू उलटा फिरवूनही काटा उतरत नाही, म्हणजे रेग्युलेटर गेला.

गेलेला नसतो. रेग्युलेटर पुढे गॅस सोडतो, पुढचा गॅस परत घेत नाही. केगमध्ये तीस पीएसआय भरले असतील तर स्क्रू बारावर आणूनही काटा तिशीवरच राहतो. केगच्या झाकणावरचा सुटका-व्हॉल्व्ह ओढून जास्तीचा गॅस सोडा, मग काटा खाली येईल. खरा बिघाड उलट दिशेला दिसतो: स्क्रूला हात न लावता काटा आपोआप चढत जातो. आतली बैठक घाणीनं किंवा झिजेनं नीट बसत नाही, असा त्याचा अर्थ. असा रेग्युलेटर लगेच काढून दुरुस्तीला द्यावा किंवा बदलावा.

गैरसमज : आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली की गळती होत नाही.

नळकाम करणाऱ्याच्या हातची ही सवय आहे. टाकी आणि रेग्युलेटर यांचा जोड अमेरिकेत सीजीए-३२० या मापाचा असतो, आणि त्याचे आटे फक्त दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरायचं काम करतात. गॅस अडवतो तो मधला चपटा वॉशर. टेप लावली तर ती नट पूर्ण बसू देत नाही, तिचे तुकडे सुटून रेग्युलेटरच्या बारीक वाटेत अडकतात. वॉशर नवा घ्या, सपाट बसवा, नट पान्यानं घट्ट आवळा. टाकी बदलली की वॉशरही बदला; किंमत किरकोळ असते. काही रेग्युलेटरांच्या तोंडातच रबरी कडी बसवलेली असते, त्यांना वेगळा वॉशर लागत नाही. टेप लागते ती निमुळत्या पाइप-आट्यांना, जिथे आटेच सांधा बंद करतात.

जोडणीचा क्रम पाळावा. आधी रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करा. तबकड्यांच्या समोर उभं न राहता बाजूला राहा, टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा, दाब चढू द्या, मग तो पूर्ण उघडा. त्यानंतर स्क्रू आत घेत हवा तो दाब आणा.

गैरसमज : गळती असेल तर आवाज येतोच.

मोठी गळती सुसकारते. पण टाकी रिकामी करते ती मुकी गळती, रात्रंदिवस चालणारी. साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर फवारा आणि मिनिटभर डोळे लावून बसा. बारीक बुडबुड्यांची रांग हळूहळू फुगते. केगच्या झाकणाखालची रबरी कडी, नळ्या जोडायची केगवरची दोन्ही तोंडं (पोस्ट), नळीचे क्लॅम्प, टाकीचा वॉशर, या क्रमानं तपासा. घरी वापरले जाणारे पाच गॅलनचे केग मुळात शीतपेयांसाठी बनवलेले होते, एका प्रकारचा जोड पेप्सीच्या केगचा, दुसरा कोकाकोलाच्या. जुन्या केगांच्या रबरी कड्या वाळलेल्या असतात. त्या सरसकट बदला, खाद्यपदार्थांना चालणारं ग्रीस लावा, आणि झाकण बसवताना थोडा वेळ तीस पीएसआय दाब देऊन ते घट्ट बसू द्या.

दाब धरून राहतो का हे पाहायचं असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर काटा पाहतात. ही चाचणी रिकाम्या केगवर करा. ताजी बिअर भरलेल्या केगवर केली तर बिअर गॅस शोषून घेते, काटा पडतो, आणि नसलेल्या गळतीचा शोध सुरू होतो.

हिशेब हीसुद्धा एक चाचणीच आहे. पाच गॅलन म्हणजे सुमारे १९ लिटर बिअर. तिच्यात अडीचपट गॅस विरघळवायला सुमारे ९० ग्रॅम लागतो. ती सगळी नळातून ढकलायला, म्हणजे रिकामा होत जाणारा केग बारा पीएसआयनं भरायला, आणखी ६५-७० ग्रॅम. एका केगला धरा १६० ग्रॅम. पाच पौंडी टाकीत २२७० ग्रॅम गॅस असतो, म्हणजे कागदावर चौदा केग. केग धुताना, हवा काढून टाकताना बराच गॅस जातो, तेव्हा आठ-दहा केग झाले तरी तक्रार नको. दोन-तीन केगांत टाकी संपत असेल तर गळती आहे, आवाज येवो न येवो.

टाकी आडवी ठेवण्याबद्दल आणि जुन्या अग्निशामकाबद्दल

फ्रिजमध्ये जागा कमी म्हणून टाकी आडवी ठेवली तर द्रव कार्बन डायऑक्साइड थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो. रेग्युलेटर वायूसाठी बनवलेला असतो; द्रवानं तो गोठतो, बिघडतो आणि त्याचं नियंत्रण सुटू शकतं. टाकी उभीच हवी, आणि पडू नये म्हणून बांधलेली हवी. जागा नसेल तर ती बाहेर काढा. अग्निशामकाची टाकी स्वस्तात मिळते म्हणून वापरू नका: तिच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, ती उभी ठेवूनही द्रवच बाहेर देते.

गैरसमज : टाकी बाहेर ठेवायची तर फ्रिजच्या बाजूला एक भोक पाडलं की झालं.

आगीची जी भीती लोक टाकीबद्दल बाळगतात, ती खरं म्हणजे इथे बाळगायला हवी. पुष्कळ छोट्या फ्रिजच्या बाजूच्या भिंतींत शीतकाच्या नळ्या पत्र्यामागे लपलेल्या असतात. आडव्या पेटीसारख्या फ्रीजरमध्ये तर चारही भिंतींत. ड्रिल त्यांच्यावर गेलं की फ्रिज कायमचा गेला. शिवाय अलीकडच्या फ्रिजांत आर-६००ए हा शीतक असतो, म्हणजे आयसोब्यूटेन, आणि तो पेट घेतो. मागच्या पट्टीवर शीतकाचं नाव छापलेलं असतं. ड्रिल हातात घेण्याआधी ते वाचा.

दार ही सगळ्यात सुरक्षित जागा, कारण दारात शीतकाच्या नळ्या नसतात. पेटीसारख्या फ्रीजरवर भोक पाडूच नये. पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडाची चौकट बसवतात आणि नळ, गॅसची नळी, सगळं त्या लाकडातून नेतात. बाजूच्या भिंतीतूनच जायचं असेल तर मक्याचं पीठ अल्कोहोलमध्ये कालवून पत्र्यावर पातळ लेप देतात आणि कॉम्प्रेसर चालू करतात. आत गरम नळी असेल तिथला लेप आधी वाळून पांढरा पट्टा उमटतो. पट्ट्यांच्या मधली जागा निवडा, आधी फक्त पत्रा कापा, आतला फोम बोटानं उकरून पाहा, आणि नळी नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जा.

बाहेरचा गॅस म्हणजे भेसळ?

बाटलीत साखर घालून आपोआप तयार होणारा गॅस नैसर्गिक आणि टाकीतला कृत्रिम, असं मानणारे आहेत. दोन्हीकडे रेणू तोच. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १७६७च्या सुमारास जोसेफ प्रीस्टली बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होते. आंबणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू पाहून त्यांनी तो पाण्यात विरघळवला आणि १७७२मध्ये त्याची पद्धत छापली. सोडावॉटर तिथून सुरू झालं. प्रश्न गॅस कुठून आला हा नसून तो किती शुद्ध आहे हा आहे. पेयांसाठीचा म्हणून विकला जाणारा गॅस किमान ९९.९ टक्के शुद्ध असावा लागतो. वेल्डिंगच्या दुकानातून टाकी भरत असाल तर पेयांच्या दर्जाचा गॅस आहे का, हे स्पष्ट विचारा.

गैरसमज : सोड्यातला गॅस तो, श्वासात गेला तर काय होणार?

पाच पौंड गॅस खोलीच्या तापमानाला सव्वा घनमीटरच्या जवळपास जागा व्यापतो. दहा बाय दहा फुटांची, आठ फूट उंचीची बंद खोली घ्या: टाकी एकदम रिकामी झाली तर हवेत पाच टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठीची मर्यादा अर्धा टक्का आहे, आणि चार टक्क्यांना जिवाला तात्काळ धोका मानला जातो. मोठ्या, हवा खेळत्या गॅरेजमध्ये हीच टाकी गळली तर काही होणार नाही. पण तळघर, बंद कोठी, खिडकी नसलेली खोली इथे हिशेब बदलतो, कारण हा वायू हवेच्या दीडपट जड असतो आणि खाली साचतो.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे पेटीसारखा फ्रीजर. आत टाकी गळत असेल तर पेटी काठोकाठ या वायूनं भरते, आणि माणूस झाकण उघडून केग काढायला डोकं आत घालतो. झाकण उघडल्यावर थोडा वेळ बाजूला उभे राहा, हवा हलू द्या, मग वाका. अचानक धाप लागली, डोकं जड झालं, तर आधी बाहेर या, टाकीचा विचार नंतर.

आणि घरात अलार्म आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत असतो तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तो कार्बन डायऑक्साइड ओळखत नाही, खोली भरली तरी वाजणार नाही. केगरेटर बंद खोलीत किंवा तळघरात असेल तर कार्बन डायऑक्साइडचा स्वतंत्र अलार्म विकत घ्या आणि जमिनीपासून फूटभर वर लावा. टाकी जोडण्याआधी लावा.